वजनकाटा आतल्या खोलीत ठेव

प्रिय डॉक्टर,

दवाखान्याचे फोटो पाहिले. जागा छान आहे, उजेडही भरपूर. एकच बदल सुचवते: बाकांजवळचा वजनकाटा उचल आणि आत, पडद्यामागे ठेव. सिस्टर बाहेरूनच "ब्याऐंशी!" म्हणून ओरडते, बाकावर सासू बसलेली असते, आणि लग्नाला तीन वर्षं झालेल्या त्या मुलीचा निकाल तपासणीआधीच लागून जातो.

तू विचारलंयस, मूल होत नाही म्हणून आलेल्या जाड बाईला "आधी वजन कमी कर, मग ये" असं सांगावं का. "मग ये" एवढं गाळ. वजनाचा संबंध आहेच, आणि तो तिला साध्या शब्दांत सांगायला हवा. पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं. त्या जादा इन्सुलिनमुळे ओव्हरीत पुरुषी हार्मोन वाढतात, बीज अर्धवट वाढून थांबतं आणि पाळी दोन-दोन महिने लांबते. हे ऐकलं की "माझ्यातच काहीतरी खोट आहे" ही तिची समजूत जरा सैल होते. मग आकडा सांग, पण झेपेल असा. पीसीओडीत, म्हणजे ओव्हरीच्या याच बिघाडात, वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळी रुळावर येते. ८० किलोच्या बाईला हे ४ ते ८ किलो होतात. तिला ५५ चं स्वप्न दाखवलंस तर ती पुन्हा तुझ्या दारात यायची नाही.

नेदरलँड्समध्ये यावर एक मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. लठ्ठ बायकांच्या एका गटाला आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला, दुसऱ्या गटाला वंध्यत्वाचे उपचार लगेच सुरू केले. दिवस भरून, नैसर्गिक प्रसूतीने एक सुदृढ बाळ होण्याचं प्रमाण पहिल्या गटात वाढलं नाही. मात्र उपचारांशिवाय आपोआप दिवस राहणं त्या गटात जास्त दिसलं. मी यातून एवढंच घेते: सव्विशीच्या मुलीला सहा महिने देता येतात, छत्तिशीच्या बाईचे ते घालवू नयेत. तिचे उपचार आणि वजन, दोन्ही बरोबरच चालू दे. नवऱ्याची तपासणीही पहिल्याच भेटीत लिहून दे. वजनाचा परिणाम शुक्राणूंवरही होतो, आणि हे महाशय बाहेर गाडीत बसून असतात.

बारीक मुलींकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) १८.५ च्या खाली होता आणि २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा त्याहून जास्त. तुझ्या ओपीडीत दोघीही येणार. बारीक मुलीची पाळी गेली असेल तर ती काय जेवते, किती पळते, कोणते उपास करते हे विचार. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही असं दिसलं की मेंदू ओव्हरीकडे संदेश पाठवणंच कमी करतो. अशा वेळी गोळीने पाळी आणून भागत नाही, खाणंच वाढवावं लागतं.

बीएमआयवर आंधळा विश्वासही नको. पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण आठव: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जपायचं आणि कमरेला टेपही लावायचा.

दिवस राहिल्यावर मात्र वजन उतरवण्याचा विषय बंद. वाढ किती हवी तेवढं सांग: बारीक असेल तर १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याला ११.५ ते १६, बीएमआय ३० च्या वर असेल तर ५ ते ९. हे अमेरिकेतले, २००९ चे आकडे आहेत, अंदाजापुरते वापर. जाड बाईला शुगर, बीपी आणि सिझरचा धोका जास्त, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्याच भेटीत कर आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा कर. बारीक बाईला अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाची भीती. घरी "दोन जिवांची आहेस, खा" म्हणून साजूक तुपाचे लाडू येतात आणि पालेभाजी ताटाच्या कडेला राहते. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिकांच्याच गटाने पाहिलं, तर हिरव्या भाज्या, फळं आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं वजनाने चांगली भरली होती.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल आता रोज कुणीतरी विचारेल. त्यातलं सेमाग्लुटाइड चालू असेल तर दिवस राहण्याचा प्रयत्न सुरू करण्याआधी किमान दोन महिने ते बंद हवं. हे तिला आधीच सांग, कारण वजन उतरलं की बंद पडलेली पाळी अचानक सुरू होते आणि नको तेव्हा दिवस राहतात.

आणि बीपी मोजायचा मोठा कफ, म्हणजे दंडाचा पट्टा, मागवलास का? जाड दंडाला नेहमीचा कफ बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं, आणि नसलेल्या बीपीच्या गोळ्या चालू होतात. नसेल मागवला तर कळव, माझ्याकडे एक जादा आहे, पुढच्या आठवड्यात येणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरच्या हाती धाडते.

तुझी,
मॅडम