सायबर युद्ध हे पारंपरिक लष्करी युद्धाची जागा घेईल का?

जागा घेईल असे मला वाटत नाही. आजवरच्या अनुभवावरून ते प्रत्यक्ष युद्धाला पूरक ठरते, असेच म्हणावे लागते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारे तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला आणि हजारो मोडेम निकामी झाले. युक्रेनच्या लष्करी संपर्कव्यवस्थेत व्यत्यय आणणे हा त्यामागचा उद्देश मानला जातो. मात्र त्याच फटक्यात जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रणही तुटले. तोफगोळ्याप्रमाणे असा हल्ला सीमेपाशी थांबत नाही, हे त्यातून दिसले.

त्याची मर्यादाही युक्रेनमध्येच दिसली होती. डिसेंबर २०१५ मध्ये हॅकरांनी तेथील सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली, परंतु कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने स्विच जोडल्यावर ती काही तासांतच परतली. क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त झालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला मात्र महिने लागतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने त्याच वीजव्यवस्थेवर मुख्यतः क्षेपणास्त्रे व ड्रोन डागले. हेरगिरी आणि युद्धाआधीचा छुपा उपद्रव यांसाठी सायबर साधने अधिक सोयीची ठरतात, कारण हल्ला कोणी केला हे लगेच सिद्ध करता येत नाही.