कराराचा मसुदा आला आहे, त्यानिमित्त

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

प्रकाशकाला तुझी कादंबरी भागाभागांत हवी आहे, दर भागाच्या शेवटी वाचक अडकलेला हवा आहे, आणि असं लिहिलं तर कलेशी बेइमानी होईल का, असं तू विचारतेस. होईल की नाही, ते कादंबरीवर अवलंबून आहे. प्रकाशकावर नाही.

धंदा साहित्यात आत्ता घुसला, असं मात्र समजू नकोस. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कादंबरी बहुधा तीन खंडांची असे. पुस्तकं महाग होती, लोक वर्गणी भरून ती वाचनालयातून आणत. एका कादंबरीचे तीन खंड असले की वाचनालयाला ती एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरवता येई. मग लेखक ओढूनताणून तिसरा खंड भरत. १८९४ मध्ये म्युडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या वाचनालयांनी खंडामागे देण्याच्या किमतीला कात्री लावली आणि काही वर्षांतच तीन खंडांची प्रथा मोडली. कादंबऱ्या आटोपशीर झाल्या. समीक्षकांनी दशकानुदशकं कुरकुर करून जे साधलं नव्हतं, ते दोन दुकानदारांनी करून दाखवलं!

आजही तेच चाललं आहे. किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीवरच्या ई-पुस्तक सेवेत २०१५ पासून वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबानं लेखकाला पैसे मिळतात, म्हणून पानं वाढवण्याचा आणि प्रकरण अधांतरी सोडण्याचा मोह होतो. ऑडिओ पुस्तकात कोण बोलतंय हे कानाला कळावं लागतं, म्हणून संवादांची मांडणी बदलते. पैसे मोजायची रीत बदलली की लेखनाचा आकार बदलू लागतो. त्यात वाईटच असतं असं नाही. डिकन्सची पहिली कादंबरी १८३६-३७ मध्ये मासिक भागांतूनच आली होती.

तेव्हा तुझा मजकूर काय मागतो ते बघ. तुझ्या कादंबरीत एक म्हातारा राहतं घर सोडायला तयार होत नाही, एवढंच घडतं. तिची सगळी ताकद त्या संथपणात आहे. दर भागाला धक्का हवा म्हणून तू त्यात चोरी, मृत्युपत्र, परदेशातून परतलेला मुलगा घुसडशील, आणि म्हातारा कोपऱ्यात जाऊन बसेल. हे पुस्तक भागांत द्यायला नाही म्हण. पण बेपत्ता भावाची जी गोष्ट तू अर्धी ठेवली आहेस, ती भागांत झकास बसेल. ती त्यांना दाखव. नुसत्या नकारापेक्षा असा नकार प्रकाशकाला पचतो.

आता करार. आपल्याकडचे लेखक इथे उगाच लाजतात आणि न वाचता सही करतात. कागदी पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट आणि वेबमालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक जे स्वतः करणार आहे तेवढेच दे, तेही ठरावीक मुदतीसाठी. ‘सध्याच्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत’ असं वाक्य दिसलं की थांब. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, म्हणजे आज लिहून दिलेलं पुढची पिढीही निस्तरत बसेल.

रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हेही विचार. टक्का तोच दिसतो, पण विक्रेत्याची सवलत वजा झाली की रक्कम बरीच आक्रसते. सगळ्यात फसवं कलम मात्र ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसल्यास हक्क परत’ हे. पूर्वी आवृत्ती संपली, नवी निघाली नाही, की हे कलम लेखकाच्या कामी येई. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते आणि ई-पुस्तक तर कधीच संपत नाही. वर्षाला दोन प्रती खपल्या तरी पुस्तक ‘उपलब्ध’च! म्हणून तिथे विक्रीचा आकडा घालून घे: सलग दोन वर्षं अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर हक्क माझ्याकडे. आणि मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरायचा असेल तर वेगळी लेखी परवानगी लागेल, हेही नमूद करून घे.

समाजमाध्यमांवर रोज दिसायला हवं का? जमेल तेवढं दिस. ज्या दिवशी त्यापायी लिहिणं राहील, त्या दिवशी नको.

नोकरी सोडण्याचा विचार मला पटलेला नाही. काफ्कानं वर्षानुवर्षं प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत काम केलं, कुरकुरत का होईना. पगार येतो आहे म्हणून तर तुला आज या प्रकाशकाला नाही म्हणता येतंय. निदान ज्या पुस्तकाचा करार होईल त्याचा पहिल्या वर्षाचा हिशेब हाती येईपर्यंत थांब.

मसुदा मला पाठव, पेन्सिलीनं खुणा करून परत करतो. त्यानंतर एखाद्या वकिलालाही दाखव. त्याची फी जड वाटली तरी दे.

तुझा,
सर