रांगतं बाळ आणि मांजर असलेल्या घरात झुरळांची फवारणी करावी का?

झुरळांसाठी बहुतेक वेळा फवारणी लागतच नाही. बेळगावातल्या शहापूर-अनगोळकडच्या जुन्या, ओल धरणाऱ्या घरांत झुरळं ओट्याखाली, सिलिंडरमागे आणि मोरीच्या जाळीत असतात. तिथंच झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके लावून घ्या. कपाटाच्या बिजागरीच्या आत लावले की बाळाचं बोट किंवा मांजराची जीभ पोचत नाही. आणि वरून स्प्रे मारू नका, नाहीतर झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत.

फवारणीच करायची झाली तर फरशी पूर्ण सुकेपर्यंत सगळे बाहेर, मग खिडक्या उघड्या. लेबलवर जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. बाळ रांगतं ती जागा नंतर पुसून घ्या, कारण फरशीवरचा हात थेट तोंडात जातो. मांजराचं यकृत परमेथ्रिन हे कीटकनाशक नीट पचवू शकत नाही; कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावलं तर झटके येऊन ते दगावू शकतं. झुरळं मारायच्या खडूची रेघही जमिनीवर नको.

मला खरी भीती वाटते ती शेतीच्या औषधांची. पिकावरचं उरलेलं औषध घरात मारू नका. धान्यातली कीड मारायची सेल्फॉसची गोळी तर राहत्या घरात नकोच: तिच्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही. काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा सोबत न्या.