मोठ्या संशोधन विद्यापीठाचं नेमकं बलस्थान कोणतं? पदवीच्या विद्यार्थ्याला त्याचा खरंच फायदा होतो का, की लहान कॉलेज बरं?

फायदा होतो, पण आपोआप होत नाही. अशा विद्यापीठात शिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे नवं ज्ञान तयार करणं, आणि प्राध्यापकाची नोकरी कायम होणं किंवा बढती मिळणं बहुतेक याच दुसऱ्या अर्ध्यावर ठरतं. एवढं ध्यानात घेतलं की तिथल्या चांगल्या आणि वाईट, दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

ही घडण जुनी आहे. १८१० साली विल्हेल्म फॉन हंबोल्ट या जर्मन विचारवंताच्या आराखड्यावर बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा शिकवणं आणि संशोधन एकाच माणसाकडे असावं ही कल्पना त्याच्या मुळाशी होती. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ नंतर जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षानळ्या देऊन रसायनशास्त्र शिकवलं. अमेरिकेत १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ याच वळणावर सुरू झालं.

मोठेपणाची खरी ताकद म्हणजे शेजार. शेतकी, रसायन, वैद्यक, संख्याशास्त्र हे सगळे विभाग चालत जाण्याच्या अंतरावर असतात. १९३३ साली एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. जनावरांनी स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा सडका चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातला रक्त पातळ करणारा घटक वेगळा काढायला काही वर्षं गेली. त्यातून पुढे वॉरफरिन आलं: आधी उंदीर मारायचं विष म्हणून, मग १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून. त्या नावातली इंग्रजीतली पहिली चार अक्षरं (WARF) विद्यापीठाच्या संशोधन फाउंडेशनच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली आहेत. हे फाउंडेशन १९२५ सालचं, तिथल्याच स्टीनबॉक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या ड जीवनसत्त्वावरच्या पेटंटमधून उभं राहिलेलं. गोठ्यातला प्रश्न, रसायनाची प्रयोगशाळा आणि पेटंटचा पैसा एकाच आवारात असले की असं घडू शकतं.

आता रँकिंगबद्दल, कारण निवड करताना बहुतेकांची पहिली चूक इथे होते. जगभरातल्या विद्यापीठांचा क्रम लावणाऱ्या शांघाय यादीत १० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांना, २० टक्के प्राध्यापकांच्या तशाच पुरस्कारांना, २० टक्के सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या संशोधकांना, २० टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधल्या लेखांना, २० टक्के एकूण शोधनिबंधांना आणि उरलेले १० टक्के दरडोई कामगिरीला. वर्गात कसं शिकवतात यासाठी शून्य. त्यामुळे वरचा क्रमांक म्हणजे चांगला वर्ग, असं समजू नका. पहिल्या वर्षी तीनशे जणांचं व्याख्यान आणि वीस-पंचवीस जणांचा सराववर्ग, तोही पीएचडीचा विद्यार्थी घेणार, हे अगदी सर्रास आहे. गंमत अशी की पुष्कळदा हा विद्यार्थीच जास्त चांगलं समजावतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याच्या अजून लक्षात असतं.

फायदा पदरात पाडून घ्यायचा तर प्रयोगशाळेत शिरावं लागतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हालचाल करा. विभागाच्या पानावरून पाच-सहा प्राध्यापक निवडा, प्रत्येकाचे अलीकडचे दोन निबंध वाचा (सारांश आणि आकृत्या तरी नीट), आणि दीडशे शब्दांच्या आत ईमेल लिहा: कोणत्या निबंधातला कोणता प्रश्न आवडला, कोणते विषय झालेत, आठवड्याला किती तास देता येतील. आठ-दहा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर प्रयोगाच्या कामात हाती काही लागत नाही, कारण तयारीतच अर्धा दिवस जातो. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, नंतर सोडून द्या. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो आणि तसाच पडून राहतो.

नावाजलेल्या, तीस माणसांच्या प्रयोगशाळेचा मोह बहुतेकांना नडतो. तिथला प्रमुख ग्रांटचे (संशोधन निधीचे) अर्ज आणि प्रवास यांत अडकलेला असतो, महिन्यातून एकदा दिसला तरी नशीब. तुमचं शिक्षण पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतर काही काळासाठी आलेल्या संशोधकाच्या) हाती असतं आणि तो वर्षभरात दुसरीकडे गेला की तुमचं काम अधांतरी. नव्याने रुजू झालेल्या, पाच-सहा जणांचा गट असलेल्या प्राध्यापकाकडे काम जास्त मिळतं आणि शिफारसपत्र लिहिणारा माणूस तुम्हाला प्रत्यक्ष ओळखत असतो. धोका एकच: त्याची नोकरी अजून कायम झालेली नसते.

महागडी यंत्रं, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वगैरे, बहुधा सामाईक केंद्रात असतात. तिथे आधी प्रशिक्षण, मग तासावर आरक्षण. तासाचं शुल्क प्रयोगशाळेच्या खात्यातून जातं, म्हणून नमुना नीट तयार केल्याशिवाय वेळ घेऊ नका. ग्रंथालयात विषयवार ग्रंथपाल असतो, त्याच्याकडे फारच कमी विद्यार्थी फिरकतात. एक तास त्याच्यासोबत बसलात तर संदर्भ शोधण्याचे कित्येक दिवस वाचतात.

कोणीतरी हाताला धरून पुढे न्यावं अशी तुमची गरज असेल, तर लहान कॉलेज बरं. हे मी कमीपणाने म्हणत नाही. विषय अजून ठरलेला नसेल तर मात्र मोठं विद्यापीठ सोयीचं, कारण भूगर्भशास्त्रातून भाषाशास्त्राकडे वळायला गाव बदलावं लागत नाही.

कुठल्याही गटाला होकार देण्याआधी तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या माघारी विचारा: यापूर्वी इथे काम केलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याने नक्की काय केलं? ‘बाटल्या धुतल्या’ असं उत्तर आलं तर पुढचं दार ठोठवा.