नैरोबीतल्या निवाऱ्यात काम केले. आता पुढे काय शिकू?

प्रश्न : मी कोल्हापूरला मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत नैरोबीला मामांकडे गेले असताना मामींच्या महिला मंडळाबरोबर रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका निवाऱ्यात दिवसभर काम केले. आयुष्यात हेच करायचे असे तेव्हापासून वाटते आहे. एक परदेशी कंपनी पैसे भरून घेऊन केनियातल्या अनाथाश्रमात तीन महिने स्वयंसेवक म्हणून पाठवते. अनुभवाची अट नाही. वडील म्हणतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. शेवटच्या सत्राची परीक्षा पुढे ढकलून जावे का?

उत्तर : तुम्ही मनापासून आणि तपशिलाने लिहिले आहे, म्हणून माझे मतही आडपडदा न ठेवता सांगतो. परीक्षा वेळेवर द्या. पैसे भरून तीन महिन्यांसाठी जाऊ नका. मात्र मुलांसाठी काम करण्याचा विचार कोणाच्याही आग्रहाखातर सोडू नका, कारण तुमच्या पत्रात या कामाला लागणाऱ्या वृत्तीची एक खूण मला दिसली आहे आणि तिच्याविषयी पुढे लिहितो आहे.

त्याआधी तुमच्या पत्रातल्या त्या लहान मुलीविषयी. सकाळी उजी, म्हणजे त्यांची पातळ लापशी, वाढत असताना चार-पाच वर्षांची एक मुलगी येऊन तुमचा हात धरते, दिवसभर सोडत नाही आणि निघताना ‘उताकुजा केशो?’, उद्या येशील ना, असे विचारते. ‘दहा मिनिटांत तिने मला आपले मानले,’ असे तुम्ही लिहिता. तुमची माया खरी आहे, यात शंका नाही. पण तुम्ही मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा त्या प्रसंगाकडे अभ्यासकाच्या नजरेनेही पाहा. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये केलेल्या अहवालापासून पुढचे या विषयावरचे सारे संशोधन हेच सांगते, की मुलाला हक्काचे, रोज दिसणारे, न बदलणारे माणूस लागते. घरात वाढणारे त्या वयाचे मूल अनोळखी पाहुणा आला की बहुधा आधी आईच्या पदराआड जाते. जे मूल भेटेल त्या परक्या माणसाला लगेच बिलगते, त्याच्या आयुष्यात माणसे वारंवार येऊन निघून गेली असण्याची शक्यता मोठी असते. तीन महिन्यांचा प्रत्येक स्वयंसेवक त्या येण्याजाण्यात आणखी एका माणसाची भर घालतो. तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हते आणि त्याची बोच तुम्हाला आजही आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती बोच योग्य आहे. तीन महिन्यांनी निघतानाही तोच प्रश्न तुमच्यासमोर येईल, आणि तोवर त्या मुलांचा जीव तुमच्यावर अधिक जडलेला असेल.

दुसरे कारण केनियाचे स्वतःचे धोरण. अनाथाश्रमासारख्या संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान जवळचे नातेवाईक हयात असतात. गरिबी, शाळेचा खर्च, आजारपण किंवा घरातली मारहाण यांमुळे ती तिथे पोहोचलेली असतात. हे ओळखून केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली, २०२२ मध्ये नवा बालक कायदा केला आणि मुलांना संस्थांमधून काढून कुटुंबात किंवा कुटुंबासारख्या वातावरणात नेण्याचा २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ मधल्या ठरावात अनाथाश्रमांच्या पर्यटनातून आणि तिथल्या स्वयंसेवेतून मुलांना होणाऱ्या अपायाची दखल घेतली. पाहुण्यांचा पैसा जिथे मुलांच्या संख्येवर येतो, तिथे मुलांना घरी पाठवण्याची घाई कोणालाच नसते, हे त्यामागचे साधे अर्थकारण आहे. तुम्ही पाहिलेला निवारा तसा आहे, असे मी म्हणत नाही. तुमच्या वर्णनावरून तो बरा चाललेला दिसतो. परंतु जी कंपनी अनुभव विचारत नाही, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागत नाही आणि तरी अनोळखी माणसाला मुलांमध्ये नेऊन सोडते, तिच्यावर मुलांच्या बाबतीत विश्वास ठेवता येत नाही. शिवाय पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर तिथे असे काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्याविषयी कंपनीच्या माहितीपत्रकात अवाक्षरही नसल्याचे तुम्हीच कळवले आहे.

आता त्या खुणेविषयी. पत्राच्या तिसऱ्या पानावर, खेळ आणि गाणी यांच्या वर्णनामध्ये, तुम्ही ओझरती दोन वाक्ये लिहिली आहेत. दुपारी सगळे मैदानात असताना तिथल्या समाजसेविका कोपऱ्यातल्या टेबलाशी एका मुलाची फाइल उघडून पश्चिम केनियातल्या किसुमू शहराजवळच्या गावात राहणाऱ्या त्याच्या आजीशी फोनवर बराच वेळ बोलत होत्या; तो अकरा वर्षांचा मुलगा दाराला टेकून उभा होता, आणि फोन ठेवल्यावर त्या त्याला काय सांगतात हे ऐकायला तुम्हीही थांबलात. बाकीची मंडळी फोटो काढण्यात गुंतली असताना तुमचे लक्ष तिथे गेले. या क्षेत्राचे खरे काम त्या टेबलावर चालते. नशेसाठी चांभारकामाचा डिंक हुंगण्याची सवय लागलेल्या मुलाला आधी त्यातून बाहेर काढायचे, त्याने सांगितलेल्या अर्धवट पत्त्यांवरून नातेवाईक शोधायचे, तो घरातून का पळाला हे आजीकडून आणि त्याच्याकडून वेगवेगळे ऐकून घ्यायचे, ज्याच्या मारामुळे पळाला तो माणूस अजून त्याच घरात राहतो का याची खात्री करायची, शाळेत प्रवेशाची सोय लावायची, बाल अधिकारी आणि न्यायालय यांच्याकडची कागदपत्रे पुरी करायची आणि मूल घरी गेल्यावरही कित्येक महिने चौकशी करत राहायची. यातली एक पायरी जरी घाईने उरकली, तर मूल पुन्हा रस्त्यावर येते. तिथली भाषा, नात्यागोत्याची रीत आणि सरकारी कचेऱ्या ठाऊक असलेला माणूसच हे करू शकतो, म्हणून केनियात ते केनियाच्या समाजसेवकांनीच केलेले बरे.

तुमच्यासाठी ती भाषा मराठी आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, करता येते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते आणि तिथले प्रवेश सध्या सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. मुंबईत निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था याही जुन्या, नाव असलेल्या संस्था आहेत. प्रवेश घेताना इमारत पाहू नका, क्षेत्रकार्य कसे चालते ते विचारा. आठवड्यातले ठरावीक दिवस प्रत्यक्ष वस्तीत किंवा संस्थेत काम, त्याचा लेखी अहवाल आणि त्यावर मार्गदर्शकाबरोबर समोरासमोर चर्चा, हे जिथे कसोशीने होते तिथे माणूस घडतो. मुंबईच्या फलाटांवर ‘सोल्युशन’ हुंगणारे मूल आणि नैरोबीतले ते मूल यांच्यासाठी लागणारे कौशल्य बरेचसे सारखेच आहे.

वडिलांची काळजी रास्त आहे आणि ती तुम्ही झटकून टाकू नये. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक पदे कंत्राटी आहेत, स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचे मानधन बेताचे असते आणि कामाचा ताण घरी येतो. पण महिला व बाल विकास विभागात परिविक्षा अधिकाऱ्यासारखी (प्रोबेशन ऑफिसर) शासकीय पदेही असतात आणि त्यांसाठी परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे वडिलांचा आग्रह आणि तुमची ओढ यांत वाटते तेवढे अंतर नाही. हे त्यांच्याशी शांतपणे बोला. पगाराचा विषय मात्र टाळू नका.

परीक्षा झाल्यावर लगेच काही करायचे असेल, तर कोल्हापुरातल्या बालगृहात किंवा निरीक्षणगृहात रीतसर परवानगी घेऊन जा. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करावा लागेल. आठवड्यातला एकच वार ठरवा, वर्षभर तो चुकवू नका, आणि मुलांना मांडीवर घेण्याआधी तिथल्या काळजीवाहकांना कोणत्या कामात हात हवा आहे ते विचारा. अभ्यास घेणे, नोंदी लिहिणे किंवा दवाखान्यात सोबत जाणे, असेच बहुधा सांगतील.

आफ्रिकेची ओढ राहिली, तर पदवी आणि काही वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून, स्वाहिली शिकून, तिथल्या समाजसेवकांना हव्या असलेल्या प्रशिक्षणात किंवा संशोधनात त्यांच्या बोलावण्यावरून जाता येईल. तोवर मामींच्या मंडळाला एक सुचवून पाहा. पुढच्या भेटीच्या खाऊऐवजी घरी परतणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च आणि त्यांचा शाळेचा गणवेश देता येईल का, हे त्यांनी निवाऱ्याच्या समाजसेविकांना विचारावे.

राहता राहिले तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलेले निवाऱ्यातल्या मुलांचे फोटो. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. नैरोबीतल्या मुलांना हा कायदा लागू नसला, तरी त्यामागचे कारण त्यांनाही लागू आहे: उद्या तो अकरा वर्षांचा मुलगा आजीच्या गावी शाळेत जाईल, तेव्हा रस्त्यावरच्या दिवसांचा त्याचा चेहरा कोणाच्याही मोबाइलवर सापडता कामा नये. ते फोटो आजच काढून टाका आणि मामींबरोबर गेलेल्या इतरांनाही तसे कळवा.