आकडे शेजारी ठेवण्याआधी

अरे, मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा कर्करोग दर लाखामागे 269.4 आणि उस्मानाबाद-बीडमध्ये 39.5, हे 2012-16 चे आकडे वाचून तू लगेच 'मराठवाडा सुरक्षित' असं लिहून टाकलंस. जरा थांब.

आधी बघ, दर कुठला आहे? साधा दर असेल तर म्हातारी माणसं जास्त असलेला तालुका आपोआप वाईट दिसतो. तुलना वयानुसार समायोजित दरांचीच करायची, म्हणजे दोन्हीकडे वयाची रचना सारखीच धरून काढलेल्या दरांची. वरचे दोन्ही आकडे तसेच आहेत, म्हणजे वयाचा प्रश्न मिटला. पण निदानाचा? तपासणीच झाली नाही तर नोंद कुठून होणार? ग्रामीण भागातला कमी दर थोडा खरा असतो, थोडा न सापडलेल्या रुग्णांचा. किती कशाचा, हे नुसत्या दरावरून कळत नाही.

रुग्णालयाचे आकडे तर तुलनेला घेऊच नकोस. परळच्या टाटात अख्खा देश येतो. तो मुंबईचा दर नव्हे. लोकसंख्येवर आधारित नोंदणी घे: मुंबईची 1963 पासूनची, बार्शीची 1987 पासूनची, देशातली पहिली ग्रामीण. तिथे रुग्ण राहत्या पत्त्यावर मोजतात.

आणि गावपातळीवर उतरलास तर जपून. गेल्या वर्षी 3, यंदा 6 म्हणजे 'दुप्पट' नाही, तो योगायोगही असतो. निदान पाच वर्षं एकत्र कर, दराबरोबर विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा दर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते ते आकडे, छाप. सगळे कर्करोग एका गाठोड्यात बांधू नकोस. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आणि स्तनाचा कर्करोग यांच्या आलेखातल्या रेषा वेगळ्या चालतात.