जागा दाखव

मुली,

दिवाळी अंकातल्या आणि जुन्या कथांवर तू लिहिलेले अभिप्राय वाचले. खाली तू दोन प्रश्न विचारले आहेस. मी समीक्षक नाही, मग माझ्या मताला अर्थ काय? आणि भयकथा मनापासून आवडली हे वाचक मंडळात सांगायची लाज का वाटते? दुसरा प्रश्न वाचून जीव तुटला, म्हणून हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

तुझ्याच ओळी तुझ्यापुढे ठेवते. 'ओघवती भाषा.' 'शेवट अनपेक्षित.' 'विदारक वास्तव.' 'मनाला भिडली.' यांतली कुठलीही ओळ उचलून शेजारच्या कथेखाली ठेव. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. म्हणजे कथा तू वाचलीस, पण लिहिताना ती तुझ्यासमोर नव्हती. मला तुझं मत नंतर दे. आधी जागा दाखव. कुठे थांबलीस, कुठे मागचं पान पुन्हा काढलंस, कुठे पुढे वाचवेना, ते एक ठिकाण सांग.

एका मासिकाचं वाचकांच्या पत्रांचं पान मी बरीच वर्षं पाहिलं. जागा न दाखवणारं पत्र मी छापत नसे, मग ते कितीही मोठ्या माणसाचं असो. लेखकांची मित्रमंडळी रुसायची. शेवटी मला सांगण्यात आलं, की वर्गणीदाराला परीक्षेला बसवू नका, आणि पान दुसऱ्याकडे गेलं. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या काळात एक ग्रामीण कथाकार मला भेटायचे. 'कथा फार आवडली' अशी कार्डं त्यांच्याकडे खोकंभर होती, पण खिशात जपलेलं कार्ड एकच होतं, एका एसटी कंडक्टरचं. त्याने लिहिलं होतं, सून भरलेली कळशी आत न नेता उंबऱ्याबाहेरच ठेवते, तिथे मी थांबलो, आमच्या घरी असंच झालं होतं. बस, एवढंच. कुठल्याही समीक्षेत त्या कळशीचा उल्लेख नव्हता. अशा पत्रासाठी मी पान गमावलं असेन, तर गमावलं.

आता भयकथा. लाज कशाची वाटते तुला? भीती वाटली हा त्या कथेचा पहिला विजय आहे, आणि तो कुठे झाला हे सांगणं सोपं नाही. भूत दिसतं तिथे आपण घाबरलो असं वाटतं, पण नीट मागे जाऊन बघ, अस्वस्थता पान-दोन पानं आधीच सुरू झालेली असते. कुणीतरी दार लावलं होतं आणि ते आता उघडं आहे, किंवा घरातलं मूल एकदम शहाण्यासारखं बोलायला लागलं आहे. नारायण धारपांकडे अघोर बहुधा बाहेरून घरात शिरतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत ते पुष्कळदा माणसाच्या आतच वाढत असतं. म्हणून दोघांकडे दचकण्याच्या जागा वेगळ्या. हा फरक जिला जागा सापडते तिला आपोआप कळतो. 'भयकथा दुय्यम' म्हणणाऱ्याला जन्मात कळत नाही. मंडळातल्या त्या गृहस्थांना तू एवढंच विचार, की तुम्हाला कुठे भीती वाटली नाही? त्यांनाही जागा दाखवू दे.

रहस्यकथेबद्दल तुझी अडचण खरी आहे, शेवट फोडायचा नाही. पण शेवट कशाला हवा? कुठल्या पानावर तुझा संशय भलत्या माणसावर गेला आणि लेखकाने तो कसा जाऊ दिला, ते लिही. गुन्हेगाराचं नाव न घेता लिहिता येतं.

विज्ञानकथेखाली तू लिहिलंस, 'लेखक शास्त्रज्ञ असल्याने माहितीपूर्ण.' हे वाचून मी कागद बाजूला ठेवला. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर. आपलीच आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. एवढा मोठा माणूस नाव लपवून कथा पाठवतो ती कथेकडे कथा म्हणून बघितलं जावं म्हणूनच ना? आणि तू नाव वाचून अभिप्राय लिहितेस! विज्ञानकथेत एक 'समजा' असतो. समजा असं झालं, तर? तो कुठे येतो, आणि तो मान्य केल्यावर पुढचं सगळं तुला पटत गेलं की मध्येच एका जागी मन अडलं? अडलं असेल तर तीच जागा दाखव. शास्त्र कमी येतं म्हणून गप्प बसू नकोस.

विनोदी कथेचं मला फार सांगायचं नाही. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत, तेव्हा श्रोते हसूनच जागा दाखवत. तू कथा घरात मोठ्याने वाच. आई कुठे हसते ते पेन्सिलने खूण करून ठेव.

जी. ए. कुलकर्णींच्या कथेखाली मात्र तू एकच शब्द लिहिला आहेस, 'अप्रतिम'. कळली नाही ना? मग तसं लिही! 'इथपर्यंत मी बरोबर होते, या परिच्छेदानंतर वाट सुटली' हा पक्का अभिप्राय आहे, कारण त्यात जागा आहे. जी. ए. धारवाडला राहायचे, माणसांत फार मिसळायचे नाहीत, पण पत्रं भरभरून लिहायचे. त्यांच्या पत्रांचे खंड निघाले आहेत. कळत नसताना वाहिलेलं 'अप्रतिम' अशा माणसाच्या काय कामाचं?

'लाल चिखल' तू शाळेच्या पुस्तकात वाचली होतीस, आणि अजूनही तुझ्या टिपणात 'शेतकऱ्यांच्या व्यथेचे चित्रण' आहे. हे उत्तरपत्रिकेतलं वाक्य आहे, तुझं नाही. भास्कर चंदनशिवांनी बापाला भर बाजारात स्वतःचे टोमॅटो तुडवायला लावलंय, ते सगळ्यांनाच आठवतं. तुझी जागा कदाचित त्याच्या अलीकडे असेल, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी असेल. आपण स्वतः भाजी घेताना तसंच बोलतो म्हणून ती टोचत असेल. शोध.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहिते आहे ते. 1963 मध्ये आलेल्या बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेवर तू लिहिलंस, 'विदारक वास्तव, अस्वस्थ करणारी कथा.' परगावी रेल्वेच्या नोकरीवर आलेला तो तरुण खोली शोधतो, आणि त्याला जात विचारली जाते. मुली, पुण्यात खोली बघायला गेलीस तेव्हा घरमालकिणीने तुला तीनदा आडनाव विचारलं होतं, हे तूच मला फोनवर सांगितलंस. तू त्या पानावर थांबली नाहीस, हे मला खरं वाटत नाही. 'विदारक' हा शब्द घेऊन तू त्या पानापासून दूर पळालीस. मी रागावत नाही. पण तुझ्याकडे जे होतं ते मंडळात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि तू तेच लपवून सगळ्यांचं होतं ते लिहिलंस. आपल्या मताला अर्थ काय, असं तू विचारतेस. अर्थ तिथे होता, त्या पानावर.

मी बाबुराव बागुलांना पत्र लिहायचं ठरवलं होतं. जागा माझ्याजवळ होती, वाक्यंही तयार होती. पण मी कोण, त्यांना काय सांगणार, असं म्हणत राहिले. 2008 मध्ये ते गेले. तू जो प्रश्न मला विचारलास तोच मी तेव्हा स्वतःला विचारत बसले होते, म्हणून त्याला इतकं तडकून उत्तर देते आहे.

येत्या बैठकीत भयकथेचं टिपण पहिलं वाच, नव्याने लिहून. जी. एं.चं दुसरं. बागुलांच्या कथेवरचं मंडळात वाचायचं की नाही हे तुझं तू ठरव, तिथे मी आग्रह धरणार नाही. मला मात्र ते हवं आहे. पोस्टाने पाठवलंस तरी चालेल, पत्ता तोच आहे.

तुझी,
मावशी